किटलीचे झाकण तिरके ठेवावे

दक्षिण चीनला जाणार असे सांगितल्यावर नातेवाइकांपैकी प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला, आणि तोही मला नव्हे, माझ्या पत्नीला : "अगं, पण तू तिथे खाणार काय?" मी रत्नागिरीकडचा, मासे खाऊन वाढलेला, ती मात्र अंडेसुद्धा न खाणारी. माझी पुतणी मुक्ता दोन वर्षांपासून ग्वांगझौमध्ये कापडखरेदीचे काम करते. तिचा आग्रह नसता तर साठीच्या उंबरठ्यावर आम्ही या वाटेला गेलोच नसतो. मार्चच्या मध्यावर आठ दिवसांसाठी गेलो. डोंगर पाहिले, नदी पाहिली. परंतु परत आल्यावर वही उघडली तर निम्म्याहून अधिक पाने खाण्याची, बाजाराची आणि चहाची निघाली. तेव्हा हे वर्णनही तसेच होणार.

पहिला दिवस : भिंतींना घाम

मुंबईहून रात्रीच्या विमानाने हाँगकाँग आणि तेथील वेस्ट कौलून स्थानकावरून वेगवान रेल्वेने तासाभरात ग्वांगझौ, म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीचे कॅन्टन. हाँगकाँग आणि चीन या दोन्हींची पारपत्र तपासणी त्या एकाच स्थानकात होते, त्यामुळे गाडीच्या वेळेपेक्षा दीड तास आधी पोचावे. भारतीय पारपत्रधारकांना हाँगकाँगमध्ये प्रवेशासाठी ऑनलाइन पूर्वनोंदणी करावी लागते. ती विनामूल्य आहे, पण चीनचा व्हिसा हातात आहे म्हणून ती विसरून चालत नाही.

मुक्ताच्या इमारतीत शिरलो आणि जिन्याच्या भिंतींवरून पाण्याचे ओघळ वाहताना दिसले. फरशी अशी ओली, की कोणी नुकतीच पुसून गेले असावे. मी मनाशी म्हटले, वरच्या मजल्यावर नळ फुटला. घरातही तीच अवस्था : आरसा धूसर, कपाटाच्या दारावर थेंब, दोरीवरचे टॉवेल चिंब. कोकणातल्या माणसाच्या सवयीने पत्नी खिडकी उघडायला गेली, तशी मुक्ता ओरडली, "काकू, उघडू नकोस! सगळं घर भिजेल."

या हवेला तिथे 'ह्वे नान थ्येन' म्हणतात. हिवाळ्याच्या थंडीने भिंती आणि फरश्या गार झालेल्या असतात. फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान एखाद्या दिवशी दक्षिणेच्या समुद्रावरून उबदार, दमट वारा अचानक येतो आणि गार पेल्यावर जसे पाणी सुटते तसे अख्ख्या शहराला सुटते. पाऊस नाही, तरी सगळे ओले. उपाय एकच, दारे-खिडक्या घट्ट बंद ठेवायच्या. आमच्या लहानपणी श्रावणात कपडे वाळवायला चुलीवर टोपली पालथी घालत, त्याची आठवण आली. मार्चमध्ये जाणाऱ्यांनी लवकर वाळणारे कपडे आणि पायमोजांचे दोन जोड अधिक न्यावेत, कारण तीन दिवस काहीही वाळत नाही.

संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पेजेच्या दुकानात गेलो. 'जूक' म्हणजे तांदूळ इतका शिजवायचा की शितांचा मागमूस राहू नये. आपल्या पेजेपेक्षा दाट आणि मऊ भातापेक्षा पातळ. मी 'थेंग जाय जूक' घेतली, म्हणजे पूर्वी नदीवरच्या होड्यांतून विकत ती पेज : माशाचे पातळ काप, भाजलेले शेंगदाणे, अंड्याच्या धिरड्याच्या चिरफळ्या आणि तळलेल्या पिठाचे कुरकुरीत तुकडे. पत्नीसाठी पांढरी, साधी पेज. तिने पिशवीतून मेतकुटाची डबी काढली आणि वर चमचाभर पेरले. बिले घेणाऱ्या बाईंनी वास घेऊन विचारले, हे काय? मुक्ताने भाषांतराचा प्रयत्न केला : डाळी, तांदूळ, हळद, हिंग, सगळे भाजून दळलेले. बाईंनी तळहातावर चिमूटभर घेऊन चाटले, थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "औषध आहे का?" मुक्ताला हसू आवरेना. बाईंचे फार चुकले असेही म्हणता येणार नाही. आमच्याकडेही तापातून उठलेल्या माणसाला हेच देतात.

दुसरा दिवस : चहा पिणे म्हणजे काय

'यम चा' या कॅन्टनी शब्दाचा अर्थ 'चहा पिणे' एवढाच, पण त्यात सकाळचे दोन-तीन तास आणि टेबलभर पदार्थ गृहीत धरलेले असतात. साडेसातला पोचलो तेव्हा तीन मजल्यांचे चहागृह भरलेले होते, आणि त्यांतले तीन चतुर्थांश लोक आमच्यापेक्षा वयाने मोठे. निवृत्त मंडळी वर्तमानपत्र घेऊन येतात, एक किटली आणि दोन पदार्थ मागवतात आणि दहापर्यंत बसतात. टेबल अनोळखी लोकांबरोबर वाटून घेण्यात कोणालाही संकोच वाटत नाही.

बसताच आधी चहा ठरवायचा. फूआर, थ्येगुआनयिन, शेवंतीची फुले घातलेला फूआर, काय हवे ते. चहासाठी माणशी काही युआन वेगळे लागतात, ती फसवणूक नव्हे. (आम्ही गेलो तेव्हा एक युआन म्हणजे साधारण १२ रुपये होते.) पहिला चहा कोणी पीत नाही. त्या गरम चहाने आपापली वाटी, कप आणि चॉपस्टिक्स विसळायच्या आणि ते पाणी मधल्या मोठ्या वाडग्यात ओतायचे. भांडी स्वच्छच असतात, तरीही हा विधी प्रत्येक जण करतो, संध्येच्या आचमनासारखा.

किटली रिकामी झाली तेव्हा मी वाढप्याला हाक मारण्यासाठी हात वर केला. मुक्ताने तो खाली घेतला. "काका, कोणाला बोलवायचं नाही. झाकण तिरकं ठेवा आणि गप्प बसा." मी झाकण किटलीच्या काठावर कलते ठेवले. दोन मिनिटांत एक बाई मागून आल्या, काही न बोलता गरम पाणी ओतले आणि निघून गेल्या. मुक्ताने माझ्या कपात चहा ओतला तेव्हा तिने दुसरी गोष्ट शिकवली : तर्जनी आणि मध्यमा जुळवून टेबलावर हलकेच दोन-तीनदा आपटायची. हे आभार. वेश पालटून फिरणाऱ्या छ्येनलोंग बादशहाने नोकराच्या पेल्यात स्वतः चहा ओतला, नोकराला लोटांगण घालता येईना, म्हणून त्याने वाकवलेल्या बोटांनी टेबलावरच नमस्कार केला, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, तोंडात घास असताना आभार मानण्याची याहून चांगली सोय मला माहीत नाही.

बांबूच्या करंड्या येऊ लागल्या. पारदर्शक आवरणातली कोळंबीची 'हार गाव', वरून उघडी 'स्यू माय', डुकराच्या मांसाचे सारण भरलेले पांढरे पाव आणि कोंबडीचे पाय. शेवटच्या पदार्थाला तिथे 'फिनिक्सचे पंजे' असे भारदस्त नाव आहे. तळून, भिजवून, काळ्या सोयाबीनसह वाफवलेला तो पंजा मी चाखला. चव उत्तम, पण हाडे काढण्याचे श्रम हातातल्या ऐवजाच्या मानाने फार. खेकडा फोडणाऱ्याने हे म्हणू नये, असे पत्नीने ऐकवले.

तिच्यासाठी शोध सुरू झाला तेव्हा लक्षात आले, की निरुपद्रवी दिसणारे पदार्थच दगा देतात. मुळ्याच्या वड्यांत सॉसेजचे बारीक तुकडे आणि सुकी कोळंबी असते. नुसत्या उकडलेल्या हिरव्या भाजीवर कालवांचा सॉस ओतलेला असतो. स्पंजासारख्या गोड वडीत अंडे. अखेर दोन गोष्टी निर्वेध मिळाल्या. एक, वॉटर चेस्टनटच्या पिठाची सोनेरी, थरथरती वडी. त्या कंदाला आपल्याकडे पुष्कळदा शिंगाडा म्हणतात, पण शिंगाडा वेगळा, आणि हे दोन्ही या शहराच्या लीवान भागातल्या तळ्यांत पूर्वी पिकत असत. दुसरी, 'जाय छ्योंग', म्हणजे काहीही न भरलेली तांदळाची गुंडाळी, वर गोडसर सोया सॉस. 'जाय' हा कॅन्टनी शब्द शाकाहाऱ्यांनी पाठ करावा. मँडरिनमध्ये 'वो छ्र सू' म्हटले की मी शाकाहारी आहे हे कळते. परंतु हाडांचे सूप आणि कालवांचा सॉस यांचा समावेश मांसाहारात होतो, हे समोरच्याला सुचेलच असे नाही. मुक्ताने काकूच्या मोबाइलवर चिनी लिपीत पाच ओळी लिहून दिल्या : मांस नको, मासे नको, अंडे नको, हाडांचे सूप नको, कालवांचा सॉस नको. त्या पाच ओळींनी आठ दिवस निभावून नेले.

ती गुंडाळी करताना पाहायची असेल तर रस्त्यावरचे दुकान गाठावे. आम्ही दुपारी गाठले. तांदळाचे पातळ पीठ पत्र्याच्या चौकोनी खणात ओतून खण वाफेच्या कपाटात सरकवायचा. मिनिटभरात बाहेर काढला की पांढरी, ओलसर कातडी तयार. बाईंनी हातातल्या पातीने ती एका बाजूने खरवडत नेली, तिच्या चुण्या पडत गेल्या आणि कात्रीने तीन तुकडे करून ताटलीत. घावन तव्याऐवजी वाफेवर केले तर असे होईल. पत्नीने सलग तीन ताटल्या खाल्ल्या. नातेवाइकांच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तिथे मिळाले.

जुन्या वस्तीतले रस्ते कमानींच्या पडव्यांनी झाकलेले आहेत. वर घर, खाली दुकान आणि दुकानापुढे सार्वजनिक पडवी. ऊन-पावसात मैलभर चालावे. अशाच एका पडवीच्या टोकाला रस्त्यावर लालभडक फुले पडलेली दिसली आणि मी थबकलो. आपली काटेसावर! वर पाहिले तर पानांशिवाय उभे झाड, फांदीफांदीला फुले. सावर हे ग्वांगझौचे शहरपुष्प आहे, हे मला तिथे कळले. सुन यत्-सेन स्मारक सभागृहाच्या आवारातली सावर तर साडेतीनशे वर्षांची सांगतात. दोन आजीबाई पदपथावरची पडलेली फुले एकेक उचलून, झटकून प्लास्टिकच्या पिशवीत भरत होत्या. एकीने मला एक फूल दिले आणि खुणेने सांगितले, वाळवायचे आणि उकळायचे.

त्याचा उलगडा पुढच्याच चौकात काढ्याच्या दुकानात झाला. 'ल्यांग छा', म्हणजे थंडावा देणारा चहा, ही या प्रांताची खासियत आहे. त्यात चहाची पत्ती बहुधा नसतेच, सगळा जडीबुटीचा मामला. 'पाच फुलांचा चहा' म्हणून जो गोडसर काढा मिळतो, त्यातले एक फूल हेच, वाळवलेली सावर. 'चोवीस चवी' नावाचा दुसरा काढा मी धाडसाने घेतला. चोवीसही चवी कडू आहेत. लोक कामावरून येता-जाता थांबतात, उभ्याउभ्या पेला रिकामा करतात आणि चालू लागतात. कारण विचारले तर एकच शब्द : 'यीत हेय', अंगात उष्णता झाली. तळलेले खाल्ले, लिची खाल्ली, जागरण झाले, तोंड आले, की यीत हेय. पत्नी म्हणाली, "म्हणजे उष्ण पडलं!" दोन वर्षे ही संकल्पना परक्या सहकाऱ्यांना समजावून थकलेल्या मुक्ताला काकूने एका वाक्यात कळल्याचे सांगितले.

तिसरा दिवस : सात वेळा ओतलेला चहा

आज मुक्ता कामावर, आम्ही दोघेच. नदीच्या नैर्ऋत्य काठावर फांगत्सुन येथे चहाची घाऊक बाजारपेठ आहे, चीनमधल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक. गल्लीमागून गल्ली, दुकानामागून दुकान आणि प्रत्येक दुकानात लाकडी मेजामागे पाणी उकळत बसलेले कोणीतरी. विकत घ्या अथवा घेऊ नका, बसा आणि प्या, अशी रीत.

आम्ही ज्या दुकानात बसलो त्या बाई चाळिशीच्या असाव्यात. भाषेचा प्रश्न मोबाइलच्या भाषांतराने सोडवला. फूआर चहा चकतीच्या रूपात दाबलेला असतो; प्रचलित चकती ३५७ ग्रॅमची आणि अशा सात चकत्या बांबूच्या सालपटात बांधल्या की साधारण अडीच किलोंची एक उतरंड. बाईंनी बोथट सुईने कडेचा तुकडा उचकटला, झाकणाच्या वाटीत टाकला, पहिले पाणी फेकून दिले आणि मग इवल्या पेल्यांत ओतू लागल्या. पावसाळ्यात बंद राहिलेले लाकडी माजघर उघडल्यावर येतो तसा त्याचा वास. पत्नीला तो सोसला नाही; तिचे मन संत्र्याच्या सालींवर बसले.

'छन् फी', म्हणजे वाळवून मुरवलेली मँडरिन संत्र्याची साल, आणि ती शिनह्वे भागातली म्हणजे उत्तम. किमान तीन वर्षे मुरल्याशिवाय तिला हे नाव द्यायचे नाही, आणि पुढे जितकी जुनी तितकी महाग. बाईंनी तीन बरण्या उघडल्या. पहिलीत संत्र्याचा वास, दुसरीत सुंठेसारखा काहीतरी, तिसरीत जुन्या औषधी कपाटाचा. मी दुसरीचा भाव विचारला, मनात हिशेब केला, स्वस्त वाटले, एक किलो मागितले. बाईंनी भरले, तोलले आणि जो आकडा दाखवला तो माझ्या हिशेबाच्या दुप्पट होता. चूक माझीच. भाव 'चिन'चा असतो आणि एक चिन म्हणजे ५०० ग्रॅम. भाजी, फळे, चहा, मासे, सगळीकडे हेच. बाजारात पाटी वाचताना हे लक्षात ठेवावे. अर्धी पिशवी रिकामी करून घेतली. त्यांनी कपाळाला आठी न घालता केली.

पैसे द्यायला मोबाइल काढला, तर तो बंद. दिवसभर भाषांतर आणि नकाशे वापरून बॅटरी संपली होती, आणि त्या शहरात मोबाइल बंद म्हणजे खिसा रिकामा. रोख रक्कम होती, पण सगळी मिळून किमतीला पन्नास युआन कमी. मी ओशाळून उभा राहिलो. बाईंनी माझ्या हातातून मोबाइल घेतला, मेजाच्या कडेला चार्जरला लावला, बोट दाखवून बसायला सांगितले आणि त्याच पत्तीवर पुन्हा पाणी ओतले. दुसरा, तिसरा, चौथा. प्रत्येक वेळी रंग थोडा उतरत गेला आणि चव गोड होत गेली. मधेच एक शेजारी आला, बसला, दोन पेले प्याला, काही न विचारता गेला. सातव्या वेळी मोबाइलचा पडदा उजळला. पैसे दिले. त्यांनी चकतीतला उचकटलेला तुकडा कागदात बांधून आमच्या पिशवीत टाकला.

येथे व्यवहाराचे थोडे सांगतो. अलीपे किंवा वीचॅट या मोबाइलवरून पैसे देण्याच्या ॲपांपैकी एकात आपले आंतरराष्ट्रीय क्रेडिट कार्ड भारतातूनच जोडून जावे. ओळखपडताळणीला वेळ लागतो. २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला विदेशी कार्डावर जादा आकार नाही, त्यापुढे आहे, म्हणून मोठी खरेदी दोन-तीन बिलांत करावी. गुगलचे नकाशे स्थानिक सिमवर चालत नाहीत. आणि पाचशे-सहाशे युआन रोख खिशात असू द्यावेत, कारण मी हे वाक्य अनुभवाने लिहीत आहे.

परतताना प्रवासी होडीने नदी ओलांडली आणि शाम्येन बेटावर गेलो. दुसऱ्या अफूयुद्धानंतर १८६१ मध्ये हे छोटे बेट ब्रिटिश आणि फ्रेंच यांना वसाहतीसाठी मिळाले. त्या काळच्या इमारती, वडांची दाट सावली आणि लग्नाची छायाचित्रे काढून घेणारी जोडपी. मुंबईच्या फोर्टात उभे आहोत असे वाटावे, आणि तसे वाटण्यात अर्थही आहे. १७५७ ते १८४२ या काळात पाश्चात्त्य व्यापाऱ्यांना चीनमध्ये हे एकच बंदर खुले होते, आणि मुंबईचे पारशी व्यापारी कापूस आणि अफू घेऊन येथेच येत. ज्यांच्या देणगीतून जे. जे. रुग्णालय उभे राहिले, ते सर जमशेटजी जीजीभॉय तरुणपणी चीनच्या सफरी करूनच श्रीमंत झाले. नदीच्या खालच्या अंगाला ह्वांगफूकडच्या छांगझौ बेटावर पारशांची जुनी दफनभूमी आहे. आम्हाला तिथे जाणे जमले नाही.

चौथा दिवस : आल्याचा खरवस

शुंदे हा फोशान शहराचा भाग, ग्वांगझौहून मेट्रो आणि थोडी टॅक्सी. युनेस्कोने २०१४ मध्ये त्याला खाद्यसंस्कृतीचे शहर म्हणून मान्यता दिली. आमचे कारण साधे होते : म्हशीचे दूध. चीनमध्ये दुधाचे पदार्थ फार नाहीत, पण येथे पाणम्हशी पाळण्याची परंपरा आहे आणि दोन पदार्थ त्यावर उभे आहेत.

पहिला, 'दुहेरी सायीचे दूध'. गरम दूध वाटीत ओतून साय धरू द्यायची, कडेला सुरीने फट पाडून खालचे दूध काढून घ्यायचे, साय वाटीच्या तळाशी ठेवायची. काढलेल्या दुधात अंड्याचा पांढरा बलक आणि साखर फेटून ते त्याच फटीतून हळूच परत सोडायचे, म्हणजे जुनी साय वर तरंगते. मग वाफवायचे, आणि तिच्याखाली दुसरी साय धरते. हे अंड्यामुळे पत्नीच्या वाट्याला नव्हते. मी दोघांच्या वाटचे खाल्ले.

दुसरा तिच्यासाठीच होता. दुकानाच्या दर्शनी भागात एक काका वाट्या मांडून उभे होते. प्रत्येक वाटीत ताज्या आल्याचा दोन चमचे गढूळ रस. त्यांनी साखर घातलेले गरम दूध एका भांड्यातून दुसऱ्यात चार-पाच वेळा उंचावरून ओतून किंचित निववले आणि मग एका झटक्यात, हातभर उंचीवरून, वाटीत ओतले. ढवळले नाही. वर चमचा ठेवून निघून गेले. दोन-तीन मिनिटांनी पाहिले तर दूध धरले होते आणि चमचा त्यावर न बुडता बसला होता. विरजण नाही, चीक नाही, वाफ नाही; आल्याच्या रसातले विकरच दूध गोठवते. मात्र दूध सत्तर अंशांच्या आसपास हवे. फार कढत ओतले तर विकर मरते आणि निवलेले ओतले तर दूध धरत नाही.

पत्नीने पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, "खरवस. वेलदोड्याऐवजी आलं." तिने त्या काकांना खुणेने पुन्हा करायला लावले आणि मोबाइलवर चित्रित केले. घरी आल्यावर पाकिटातल्या दुधावर तिचे तीन प्रयत्न फसले. चौथ्यांदा गवळ्याकडच्या म्हशीच्या दुधावर आणि जून आल्यावर जमले. कोवळ्या आल्याच्या नादी लागू नये.

पाचवा दिवस : दोन ल्यांग शेवया

सकाळच्या गाडीने ग्वांगशी प्रांतातल्या यांगश्वोला. स्थानक आणि गाव यांत सुमारे ३० किलोमीटरचे अंतर आहे, हे आरक्षण करताना कोणी सांगत नाही. स्थानकाबाहेर बस मिळते. रिमझिम पाऊस होता आणि भाताच्या खाचरांतून सरळ उठलेले चुनखडीचे डोंगर धुक्यात अर्धे बुडालेले. त्यांची वर्णने पुष्कळ झाली आहेत, मी भर घालत नाही.

जेवण म्हणजे तांदळाच्या गोल शेवया, ग्वेलिन पद्धतीच्या. त्या वजनावर मागायच्या : दोन ल्यांग की तीन ल्यांग? एक ल्यांग ५० ग्रॅम. गरम पाण्यात बुडवलेल्या शेवया, चमचाभर मसालेदार रस्सा आणि मांसाचे काप देऊन तुम्हाला मोकळे करतात. पुढे आंबवलेली चवळीची शेंग, तिखट, शेंगदाणे, कोथिंबीर आपण आपल्या हाताने घ्यायचे. आधी कोरड्या कालवून खायच्या आणि निम्म्या संपल्यावर कोपऱ्यातल्या पिंपातले सूप ओतून घ्यायचे. तो रस्सा हाडांचा असतो. पत्नीच्या पाच ओळी वाचून दुकानदाराने तिला नुसत्या शेवया आणि तेल दिले, आणि बाकीच्या बरण्यांकडे उदारपणे हात दाखवला. तिच्या मते आंबवलेल्या शेंगा हाच दिवसभरातला उत्तम पदार्थ.

सहावा दिवस : बाजाराचा दिवस

ग्वांगशीच्या खेड्यांत दर तीन दिवसांनी बाजार भरतो आणि शेजारची गावे आळीपाळीने दिवस वाटून घेतात. त्याला 'श्वी' म्हणतात. कोणत्या गावी कधी, हे मुक्कामाच्या ठिकाणी विचारावे. आमच्या नशिबाने रंगवलेल्या पंख्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या फूली गावाचा बाजार होता.

आठवडी बाजारात वाढलेल्या माणसाला तिथे काही परके वाटू नये. खांद्यावर कावड घेऊन बायका येतात, एका टोपलीत भाजी आणि दुसरीत नातू. बांबूचे कोवळे कोंब चिखलासकट रचलेले, शेजारी तेच आंबवलेले, पिंपात, आणि त्यांचा वास पन्नास पावलांवरून. तंबाखूची पाने, विळे, कोयते, बदकाची पिले. खुर्ची आणि आरसा घेऊन बसलेला न्हावी. दवण्याच्या जातीच्या एका पाल्याचा रस घालून मळलेल्या तांदळाच्या हिरव्या गोड चानक्या, आत तीळ आणि शेंगदाणे. या खुशाल घ्याव्यात. आणि अंगठ्याएवढी संत्री, 'चिन च्यू', जी सालीसकट खातात. साल गोड आणि आतला गर आंबट, म्हणून सोलून खाणारा फसतो. मी सोलू लागलो तेव्हा विकणाऱ्या आजींनी माझ्या हातावर चापट मारून एक आख्खे माझ्या तोंडात कोंबले.

दुपारी पावसाने गाठले आणि आडोशाला शिरलो ते दुकान 'यौ छा'चे, म्हणजे तेलातल्या चहाचे निघाले. चोच असलेल्या लहान लोखंडी कढईत चहाची पत्ती, आले आणि लसूण तेलावर परतायचे आणि वाकड्या दांड्याच्या लाकडी बडग्याने कढईतच ठेचत राहायचे. ठक्, ठक्, ठक्. मग पाणी, मीठ, उकळी, आणि बांबूच्या गाळणीतून वाटीत. काही ठिकाणी तेलाऐवजी चरबी वापरतात, म्हणून आधी विचारावे. येथे शेंगदाण्याचे तेल होते. वर मूठभर चुरमुरे, तळलेले शेंगदाणे, कुरकुरीत पिठाचे मणी, कांद्याची पात, कोथिंबीर. पत्नी वाटीकडे पाहत राहिली. "ही भेळ आहे," ती म्हणाली, "हिच्यावर चहा ओतलाय." पहिली वाटी कडू, दुसरी तुरट, तिसरी चांगली, असे तिथे म्हणतात. पाऊस तिसऱ्या वाटीपर्यंत थांबला नाही आणि आम्हीही घाई केली नाही.

सातवा दिवस : वीस युआनची नोट

शिंगफिंग गावाजवळ ली नदीचे जे वळण आहे, ते वीस युआनच्या नोटेच्या मागच्या बाजूवर छापलेले आहे. तेथील 'बांबूचे' तराफे आता पीव्हीसी नळ्यांचे असून त्यांना मोटर असते. पायी गेलात तरी चालेल. काठावर नोट समोर धरून मागच्या डोंगरांशी जुळवत छायाचित्र काढायची प्रथा आहे. अडचण एकच, की कोणाकडेही नोट नव्हती. सगळे मोबाइलवाले. फांगत्सुनच्या फजितीपासून मी रोख बाळगून होतो. माझ्या पाकिटातली वीसची नोट आधी एका जोडप्याने मागितली, मग महाविद्यालयीन मुलींच्या घोळक्याने, मग एका आजोबांनी, आणि अर्धा तास ती काठावरून हातोहात फिरत राहिली. परत आली तेव्हा किंचित ओली होती. संध्याकाळच्या गाडीने ग्वांगझौ.

आठवा दिवस

हाँगकाँगची गाडी दुपारची होती. मुक्ता कामावर गेलेली, म्हणून आम्ही दोघेच त्याच चहागृहात पोचलो. जागा मिळाली ती एका वृद्ध गृहस्थांच्या टेबलावर. ते वर्तमानपत्राच्या मागे होते. मी वाट्या विसळल्या, जाय छ्योंग मागवली, किटलीचे झाकण तिरके ठेवले. त्यांची किटली आमच्या आधी आली होती. त्यांनी ती उचलून, न विचारता, आमच्या दोन्ही कपांत ओतली. आम्ही बोटे आपटली. थोड्या वेळाने त्यांचा कप रिकामा दिसला, तेव्हा पत्नीने आमच्या किटलीतला शेवंतीचा चहा त्यात ओतला. वर्तमानपत्र खाली आले नाही. त्याच्या कडेखालून फक्त एक हात पुढे सरकला आणि दोन बोटे टेबलावर दोनदा वाजली.